लाट सगळ्यांना सारखी मिळाली का?

डायव्हिंगच्या स्पर्धांना मी बरीच वर्षं पंच म्हणून बसले. तेव्हापासूनची सवय अशी की, गुण देऊन निकाल लावायचा कुठलाही खेळ समोर आला की खेळाडूच्या आधी माझी नजर पंचांना शोधते. कुठे बसलेत, किती जण आहेत, एकमेकांचे गुण त्यांना दिसतात का. वेकसर्फिंगची स्पर्धा पहिल्यांदा बघितली तेव्हाही मी तेच केलं, आणि पंच काठावर सापडेचनात. ते बोटीत होते. ज्या बोटीच्या लाटेवर खेळाडू उभा होता, त्याच बोटीत.

डायव्हिंगच्या पंचाची खुर्ची उंच असते, बहुतेकदा ओली असते, पण तिच्यावर कितीही वजनदार माणूस बसला तरी उडी मारणाऱ्याची फळी काही हलत नाही. इथे पंच एका बाकावरून उठून दुसऱ्या बाकावर गेला तर लाटेचा आकार बदलतो. हे कळलं त्या क्षणी मी या खेळात अडकले. मैदान ज्याच्या वजनाने घडतंय तोच निकाल देणार, हा प्रकार मी दुसरीकडे कुठे बघितलेला नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वेकबोर्डिंगमध्ये पाय फळीला बांधलेले असतात, हातात दोरी असते आणि बोट चांगली जोरात पळत असते. वेकसर्फिंगमध्ये बोट त्याच्या साधारण निम्म्या वेगाने, म्हणजे ताशी १६ ते १९ किलोमीटरने चालते. पाय मोकळे, फळी छोटी, आणि एकदा उभं राहिलं की दोरीही सोडून द्यायची. मग बोटीच्या मागे उठणारी लाट हेच एकमेव इंजिन. ती पुढे ढकलते तोवर तुम्ही चालता. तिच्या मागे पडलात की संपलं.

सुरुवात बघण्यासारखी असते. खेळाडू पाण्यात उताणा पडलेला, फळी आडवी, टाचा तिच्या काठावर टेकवलेल्या, दोरीचा दांडा छातीशी. बोट हळूच पुढे सरकते, दोरी ताणली जाते, आणि पाण्याच्याच दाबाने फळी उभी होऊन टाचांना चिकटते. गुडघे पोटाशी घेऊन माणूस वर येतो, फळी बोटीच्या दिशेला वळवतो, दोरीवर दोन-तीन हात पुढे सरकतो आणि लाटेच्या पोटात शिरतो. एक क्षण दोरी सैल पडते. लाट आता आपल्याला ढकलते आहे याची ती खूण. मग दोरी बोटीत फेकायची. बोटीतला माणूस ती झटपट गुंडाळून घेतो, कारण पाण्यात लोंबणारी दोरी कुणाच्याही पायात अडकू शकते. गुण द्यायला सुरुवात होते ती त्यानंतरच्या करामतींसाठी, पण खेळाडू किती तयारीचा आहे हे मला त्या दोरीच्या फेकीतच कळतं. नवखा ती भीतीने सोडतो. मुरलेला ती बघतसुद्धा नाही.

खेळाडू बोटीच्या इतका जवळ असतो की बोट ढकलणाऱ्या पंख्याचा, म्हणजे प्रोपेलरचा, प्रश्न येतोच. म्हणून ज्यांचा पंखा बुडाखाली, मागच्या टोकापासून बराच आत असतो अशाच बोटी चालतात. मागे लटकवलेल्या इंजिनाच्या बोटीमागे वेकसर्फिंग करायचं नसतं, हा या खेळातला पहिला धडा. धुराचाही धोका असतो. बोटीच्या मागच्या फळीला धरून पाण्यात लोंबकळण्याच्या प्रकारावर कॅलिफोर्नियाने कायद्यानेच बंदी घातली, ती मुख्यत्वे कार्बन मोनॉक्साइडमुळे लोक गेले म्हणून. वेकसर्फिंग तो प्रकार नव्हे, पण बोटीच्या अगदी मागे राहणं किती महागात पडू शकतं हे सगळ्यांना तिथूनच समजलं.

आता लाट. बोटीच्या तळात आणि कडांना पाण्याच्या टाक्या किंवा पिशव्या असतात, त्यात टन-दोन टन पाणी भरून बोट मुद्दाम खोल बसवतात. पूर्वी डाव्या बाजूला चांगली लाट हवी तर बोट डावीकडे कलती करावी लागे. पुढचा खेळाडू उजव्या लाटेवर चालणारा निघाला की पंप लावा, इकडच्या पिशव्या रिकाम्या करा, तिकडच्या भरा. ज्यांचा डावा पाय पुढे असतो ते बहुतेक डावी लाट घेतात, उजवा पाय पुढे असणारे उजवी, त्यामुळे हा उद्योग टळत नसे. २०१२ च्या आसपास मालिबू कंपनीने सर्फ गेट आणलं. बोटीच्या मागच्या कोपऱ्यात एक झडप बाहेर येते, त्या बाजूचं पाणी बोटीमागे उशिरा येऊन मिळतं आणि विरुद्ध बाजूची लाट स्वच्छ उभी राहते. बोट सरळच राहते, चालकाने बटण दाबलं की काही सेकंदांत बाजू बदलते. या कल्पनेवरून मालिबूने नॉटिक आणि मास्टरक्राफ्ट या दोन्ही कंपन्यांना पेटंटसाठी कोर्टात खेचलं. एका झडपेवरून एवढी भांडणं होतात, त्यावरून ती किती मोलाची आहे ते समजा.

हे सगळं आधी सांगितलं, कारण या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना नेमकं काय करते हे त्याशिवाय कळत नाही. धावण्याच्या शर्यतीत संघटना मैदान मोजून देते आणि बाजूला होते. इथे प्रत्येक खेळाडूसाठी मैदान नव्याने तयार करावं लागतं, आणि ते मागे विरतही जात असतं.

संघटना म्हणाल तर दोन नावं समोर येतात, आणि दोघींचा स्वभाव इतका वेगळा आहे की एकाच खेळाच्या वाटत नाहीत.

एक आहे आंतरराष्ट्रीय वॉटरस्की आणि वेकबोर्ड महासंघ, आयडब्ल्यूडब्ल्यूएफ. मूळ संस्था १९४६ मध्ये जिनिव्हात स्थापन झाली, नाव नंतर बदललं. वॉटरस्कीची पहिली जागतिक स्पर्धा १९४९ मध्ये फ्रान्समधल्या ज्युआँ-ले-पँ इथे झाली. ही जुन्या वळणाची संस्था. देशांचे महासंघ हे तिचे सदस्य, त्यांच्या वर खंडनिहाय गट, आणि प्रत्येक प्रकारासाठी वेगळी परिषद: वॉटरस्की, अनवाणी स्की, केबल, वेकबोर्ड, वेकसर्फ. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यता आहे, त्यामुळे उत्तेजक चाचण्यांचे जागतिक नियम लागू होतात. इथे तुम्ही देशाकडून खेळता. तुमच्या देशाचा महासंघ तुमचं नाव पाठवतो.

दुसरी कॉम्पिटिटिव्ह वेक सर्फ असोसिएशन, सीडब्ल्यूएसए. हिची मुळं अमेरिकेत. ही फक्त वेकसर्फिंगचीच, आणि इथे देश वगैरे मधे येत नाही. वर्षभर ठिकठिकाणच्या स्पर्धांना ती मान्यता देते, खेळाडू तिथे गुण जमवतो आणि त्या क्रमवारीवरून मोसमाच्या शेवटी जागतिक अजिंक्यपदाचा रस्ता खुला होतो. पंच तिच्या पद्धतीने तयार झालेले, नियमावली तिची. हौशी माणसाला आपल्या गावच्या तळ्यावरून थेट जगाच्या यादीत नाव दिसतं, ही तिची मोठी गंमत.

मला विचाराल तर खेळाला आकार दिला दुसरीने, आणि खुर्ची मिळवून दिली पहिलीने. चीनमधल्या चेंगडूला २०२५ मध्ये झालेल्या वर्ल्ड गेम्समध्ये, म्हणजे ऑलिंपिकबाहेरच्या खेळांच्या जागतिक मेळाव्यात, वेकबोर्डच्या जोडीला वेकसर्फ होतं. असं दार कुठल्याही स्वतंत्र मालिकेला स्वतःच्या बळावर उघडता येत नाही, त्यासाठी देशांच्या महासंघांची ती कंटाळवाणी उतरंडच लागते. पण गटांची रचना कशी असावी हे शिकायचं तर सीडब्ल्यूएसएकडून शिकावं.

गटांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण बाहेरच्याला तिथेच गोंधळ वाटतो. पहिली फाळणी फळीवरून: सर्फ आणि स्किम. सर्फ प्रकारची फळी जाडसर, तरंगणारी, खाली मोठे फिन, म्हणजे माशाच्या परासारखे उभे पंख. ती लाटेला घट्ट धरते, त्यामुळे खेळाडू जोरात वळणं घेतो, लाटेच्या माथ्यावर आदळतो, हवेत उडतो. स्किमची फळी पातळ, फिन इवलेसे. ती पाण्यावरून घसरते, म्हणून तिच्यावर गिरक्या, पायाखालून फळी फिरवून पुन्हा तिच्यावर उतरणं असले प्रकार होतात. दोन्ही एकाच फेरीत ठेवले तर पंचाने काय करायचं? एकाने समुद्रातल्या सर्फिंगसारखं जोरकस वळण घेतलं, दुसऱ्याने फळी पूर्ण फिरवून पकडली. यातलं अवघड कोणतं, हे ठरवायला कुठलीही मोजपट्टी नाही. म्हणून वेगळे गट, आणि ते योग्यच आहेत.

दुसरी फाळणी तयारीवरून. नवखे, हौशी, मग आउटलॉ, मग व्यावसायिक. शिवाय मुलं-मुली, आणि वय वाढलेल्यांसाठी मास्टर्स. यातला आउटलॉ गट मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. हौशी गटात जो सगळ्यांना सहज हरवतो पण व्यावसायिकांत गेला तर पहिल्याच फेरीत बाहेर पडेल, असा माणूस प्रत्येक खेळात असतो. आमच्या डायव्हिंगमध्ये असे लोक वर्षानुवर्षं खालच्या गटात पदकं गोळा करत बसायचे आणि नवीन मुलं वैतागून खेळ सोडायची. आयोजकांनी कितीही समजावलं तरी जिंकणारा माणूस स्वतःहून वर जात नाही, त्याला ढकलावं लागतं. मधली एक पायरी बांधून ठेवली की ढकलणं सोपं जातं.

स्पर्धेचा दिवस कसा चालतो? पात्रता फेऱ्या, त्यातून थेट पुढे जाणारे, उरलेल्यांसाठी शेवटच्या संधीची एक फेरी, मग उपांत्य आणि अंतिम. यात नवल काही नाही. नवल पाण्यावर आहे. बोट ठरलेल्या रेषेत जाते, टोकाला वळते आणि परत येते. पण जाताना तिने जी लाट मागे सोडली ती काठावर आपटून परत येत असते. चालकाने वळण चुकीचं घेतलं तर बोट स्वतःच्याच लाटांवरून उड्या मारत परत येते, आणि मागच्या खेळाडूची लाट तुटक होते. पाणी उथळ असेल तरी लाट बिघडते. दुसरी एखादी बोट लांबून गेली तरी खळबळ पोहोचतेच. म्हणून चांगला चालक एका फेरीनंतर घाई करत नाही. थेट प्रक्षेपण बघणाऱ्याला वाटतं, काय वेळ काढतायत! ते पाणी निवायची वाट बघत असतात.

वेग आणि बाजू खेळाडू साधारणपणे स्वतः सांगतो. हलक्या मुलीला जरा कमी वेग हवा असतो, वजनदार माणसाला थोडा जास्त. बोट कोणती, टाक्यांत पाणी किती, आत माणसं किती आणि ती कुठे बसणार, हे मात्र आयोजकांच्या हातात राहायला हवं. बोटीत चालक, दोरी सांभाळणारा, पंच, कधी चित्रीकरण करणारा. अर्धा डझन माणसं म्हणजे चारशे-पाचशे किलो. पहिल्या खेळाडूच्या वेळी चित्रीकरण करणारा डाव्या कोपऱ्यात बसला आणि तिसऱ्याच्या वेळी मधे येऊन उभा राहिला, तर त्या दोघांना दोन वेगळ्या लाटा मिळाल्या. कितीशा वेगळ्या? थोड्याच. पण अंतिम फेरीत पहिल्या आणि दुसऱ्यात फरकही थोडाच असतो.

आता गुण. इथे माझ्यातली पंच जागी होते, तेव्हा सांभाळून घ्या.

डायव्हिंगमध्ये खेळाडू कोणती उडी मारणार हे आधीच लिहून देतो. प्रत्येक उडीचा काठिण्य गुणांक तक्त्यात छापलेला. मोठ्या स्पर्धेत सात पंच शून्य ते दहामध्ये गुण देतात, वरचे दोन आणि खालचे दोन काढून टाकतात, उरलेल्या तिघांची बेरीज गुणांकाने गुणतात. म्हणजे उडी किती अवघड हे पंचाने ठरवायचंच नसतं. त्याने फक्त ती किती चांगली झाली हे बघायचं. या एका गोष्टीने पंचाच्या डोक्यावरचं निम्मं ओझं उतरतं, हे मी अनुभवाने सांगते.

वेकसर्फिंगमध्ये ते ओझं तसंच आहे. करामत किती अवघड, ती किती जोरात आणि किती उंच केली, फेरीत विविधता किती, आणि सफाई किती, हे सगळं पंच एकत्र बघतो आणि पूर्ण फेरीचा ठसा मनात ठेवून इतरांशी तुलना करतो. खेळाडू पुढे काय करणार हे नक्की नसतं, बहुतेकदा त्यालाही नसतं, कारण लाट देईल तशी संधी घ्यायची. एक गिरकी संपते न संपते तोच दुसरी सुरू होते. मधल्या सांध्यांनाही किंमत असते: एक करामत झाल्यावर तो लाटेच्या मागे पडून धडपडत परत आला, की तिथूनच वाहत पुढच्या करामतीत गेला? डायव्हिंगमध्ये पंचाला दोन उड्यांमध्ये श्वास घ्यायला मिळतो. इथे बोट हलते आहे, डोळ्यांवर ऊन आहे, कागदावर खुणा करायच्या आहेत आणि खेळाडू तीन मीटरवर आहे.

गंमत म्हणजे आयडब्ल्यूडब्ल्यूएफच्या घरात मोजपट्टीची परंपरा जगात नावाजलेली आहे. वॉटरस्कीचा स्लॅलम बघा. पाण्यावर तरंगणारे सहा बॉय, म्हणजे खुणेच्या बोया, त्यांना वळसे घालत जायचं; पुरुषांसाठी कमाल वेग ताशी ५८ किलोमीटर, महिलांसाठी ५५, दोरी १८.२५ मीटरपासून सुरू होऊन टप्प्याटप्प्याने आखूड होत जाते. कितवा बॉय वळलात आणि दोरी किती लांब होती, निकाल संपला. वाद घालायला जागाच नाही. ट्रिक्स या प्रकारात वीस-वीस सेकंदांच्या दोन फेऱ्या, प्रत्येक करामतीचे गुण तक्त्यात. इतकंच काय, बॉयची जागा आणि कोर्सची मापं बरोबर आहेत हे प्रमाणित करायला होमोलोगेटर नावाचा स्वतंत्र अधिकारी असतो. अशा घरात वेकसर्फिंग हे लाडावलेलं धाकटं भावंडं आहे. थोरल्यांचे नियम त्याला लागू करायचे म्हटलं की ते हातातून निसटतं.

मग तक्ता का करत नाहीत, असं मी भाच्याला विचारलं. तो वेकबोर्ड करतो, या जगातली माणसं त्याच्या ओळखीची आहेत.

"मावशी, तक्ता केलास ना, की दुसऱ्या दिवशी सगळे एकच फेरी करतील," तो म्हणाला. "सगळ्यात जास्त गुणांच्या सहा गोष्टी ओळीने. कोण बघणार ते?"

"आमच्याकडे बघतात की."

"तुमच्याकडे पाणी हलत नाही गं."

त्याचं म्हणणं मला अर्धंच पटलं. एकसारखेपणाची भीती खरी आहे. वॉटरस्कीच्या ट्रिक्सबद्दल जाणकारांकडूनही ही तक्रार ऐकू येते की बघणाऱ्याला काय चाललंय ते कळत नाही. पण तक्ता नको म्हणून काहीच नको, हेही बरोबर नाही. चारही निकषांचे गुण वेगळे छापा, प्रत्येक पंचाचे वेगळे छापा. एका पंचाने जोराला भरभरून दिले आणि दुसऱ्याने सफाईला, तर ते निदान दिसू दे. नुसता एक अंतिम आकडा लागला की हरलेल्या मुलीला आपण कुठे कमी पडलो ते समजत नाही, आणि तिच्या प्रशिक्षकालाही नाही. तक्रार करायची सोयही अशा खेळांत तोकडीच असते: बेरीज चुकली तर बोला, मतावर बोलू नका. मत तरी उघडं असावं एवढंच माझं म्हणणं.

बोट कोणाची, हा प्रश्न तर मला गुणांपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. जगात मोजक्याच कंपन्या अशा बोटी बनवतात, आणि स्पर्धांना पैसा त्यांच्याकडूनच येतो. सेंच्युरियनचं नाव वेकसर्फच्या जागतिक स्पर्धेशी बरीच वर्षं जोडलेलं होतं, वॉटरस्कीच्या मोठ्या स्पर्धांमागे नॉटिक दिसते. आता प्रत्येक बोटीची लाट निराळी. एकीची उंच आणि आखूड, दुसरीची लांबट आणि मऊ. खेळाडूंचेही प्रायोजक याच कंपन्या. म्हणजे ज्या मुलाच्या दारात वर्षभर तीच बोट उभी आहे, तो स्पर्धेला आपल्या सरावाच्या लाटेवर उतरतो, आणि दुसरा कोणी ती बोट त्याच आठवड्यात पहिल्यांदा बघतो. यात लबाडी कोणाची नाही. बोट फुकट देणारा दुसरा कोणी नसेल तर संघटना तरी काय करणार? पण सरावाला सगळ्यांना सारखा वेळ त्याच बोटीमागे मिळालाच पाहिजे, आणि तो ऐच्छिक न ठेवता वेळापत्रकात लिहिलेला असला पाहिजे. मोठ्या स्पर्धांत सरावाचे तास असतातच. ते पैसे देऊन वाढवता येत असतील तर मात्र सगळं मुसळ केरात.

ऑलिंपिकचं काय, असा प्रश्न विचारला जातोच. वॉटरस्की १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये प्रात्यक्षिक म्हणून झालं, पुढे आत शिरलं नाही. इंजिनाच्या बळावर कामगिरी अवलंबून असलेले खेळ ऑलिंपिकला चालत नसत, ही जुनी अडचण. २०११ मध्ये २०२० च्या खेळांसाठी जी आठ नावं विचारात घेतली गेली त्यात वेकबोर्ड होतं, पण ते केबलवरचं: बोटच नाही, वर तार फिरते आणि ती खेळाडूला ओढते. वेकबोर्डला ही पळवाट आहे. वेकसर्फिंगला नाही. तार माणसाला ओढू शकते, लाट उठवू शकत नाही. बोट काढली की खेळच उरत नाही. त्यामुळे वर्ल्ड गेम्स हेच त्याचं शिखर राहील असं मला वाटतं, आणि ते काही कमी नाही. वॉटरस्कीचं तिथलं नातं १९८१ पासूनचं, म्हणजे त्या खेळांइतकंच जुनं आहे.

संघटनांवर खरं दडपण येतंय ते काठावरून. जी लाट खेळाडूला ढकलते तीच पुढे जाऊन काठ खाते, धक्क्याला बांधलेल्या होड्या आपटते, तळाचा गाळ ढवळते. मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने २०२२ मध्ये मोजमापं प्रसिद्ध केली. साध्या बोटीची लाट दोनशे फुटांवर जेवढी उरते, तेवढी कमी व्हायला वेकसर्फ बोटीच्या लाटेला पाचशे फुटांहून जास्त अंतर लागतं. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याने २०२४ पासून नियमच केला: काठापासून निदान ५०० फूट दूर, पाणी निदान २० फूट खोल, आणि सलग ५० एकरांची जागा. जी तळी यात बसत नाहीत तिथे वेकसर्फिंग बंद. बोट उद्योगाच्या संघटनेचा सल्ला दोनशे फुटांचा आहे. कोणाचा आकडा बरोबर यावर तिथे गावोगावच्या सभांमध्ये खडाजंगी चालू आहे. माझं मत विचाराल तर स्पर्धा भरवणाऱ्यांनी कडक आकडा आधीच स्वीकारावा. खोल पाणी आणि लांब काठ त्यांना चांगल्या लाटेसाठी हवाच असतो. यात त्यांचं काही जात नाही.

राहता राहिलं ते होमोलोगेटरचं. स्लॅलमचा कोर्स प्रमाणित करणारा माणूस आयडब्ल्यूडब्ल्यूएफकडे आहे, मग लाट प्रमाणित करणारा का नसावा? लाटेची उंची फूटपट्टीने मोजता येत नाही हे मला मान्य. पण तिला जन्म देणाऱ्या गोष्टी मोजता येतात. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे बोटीचा वेग, टाक्यांतलं पाणी, झडपेची जागा, कोणती बाजू, आत किती माणसं आणि कोण कुठे बसलं होतं, एवढं निकालासोबत छापावं. यातलं बरंचसं चालकासमोरच्या पडद्यावर आधीपासून दिसतच असतं. बाकीचं लिहायला दोरी गुंडाळणाऱ्याच्या शेजारी एक माणूस आणि एक पेन्सिल लागेल. त्याचंही वजन धरावं लागेल म्हणा, पण सगळ्यांसाठी तो सारखाच बसेल.